उशिराचं कारण

सिंगापूर ते हैदराबाद साडेचार तास. हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं की माझं डोकं आजही फिरतं. बोलणारा हसतमुख असतो, त्याच्या हातात फोन असतो आणि फोनवर दोन ठिपके जोडणारी एक बाकदार रेघ असते. अंतर तेहेतीसशे किलोमीटरच्या आसपास, वेळ साडेचार तास. वर पुन्हा, जग किती जवळ आलंय नाही सर, असंही ऐकवतात. मी म्हणतो, तुमचं जग आलं असेल जवळ, माझं जळकोट होतं तिथंच आहे. मग लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत. हा तिरसटपणा मूळचा माझा नाही, तो मी माझ्या घरमालकाकडून घेतला, आणि फार उशिरा घेतला.

जळकोटच्या हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा आईला आणि शाळकरी धाकट्या भावाला घेऊन मी त्यांच्या माडीवर राहायला गेलो. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलरचाचा म्हणायची. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या सोडतो तो कंट्रोलर, आणि चाचांनी सगळी उमर तेच काम केलेलं. वडील-आजोबा पितळी भांड्यांना कल्हई करायचे, घराण्यातला पहिला सरकारी माणूस मी, असं ते छाती काढून सांगत. खोल्या बघायला गेलो तर त्यांनी भाड्याचं नावच काढलं नाही. विचारलं काय, तर घरातून किती वाजता निघणार आणि शाळेत किती वाजता पोचणार. मी सहज म्हणून गेलो, पाच-दहा मिनिटांत पोचेन की. चाचा खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

"पाच-दहा म्हंजे काय? पाच का धा? पाच-दहा मिनिटं असा टाइम दुनियेत न्हाई, सर. हा झूठ बोलायचा तरीका हाय."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत चालून आले. सात मिनिटं निघाली. हा आकडा मला कळवल्यावर मगच त्यांनी किल्ली दिली. मला तेव्हा हसू आलं होतं, पण पुढं रोज सकाळी जिना उतरताना खालून "सात मिनिटं, सर" असा पुकारा यायला लागला, तेव्हा हसू पळालं. त्यांचा आवाज स्टँडवरचाच राहिला होता, नाकातून येणारा आणि अर्धी गल्ली ऐकेल असा. चाचीनं ताट वाढलं की चाचा अंगणातून स्वतःलाच सूचना देत, की जेवण लागलेलं आहे. चाची कपाळाला हात लावायची. ही बाई त्यांच्याबरोबर कशी नांदली, हे तिलाच माहीत.

लग्नपत्रिका तर त्यांच्या हातात देऊच नये. आपल्याकडं मुहूर्त छापतात तो मिनिटासकट, अकरा वाजून सतरा मिनिटं. आणि अक्षता पडतात दीड वाजता, हे पत्रिका छापणाऱ्यालाही ठाऊक असतं. चाचा अकरा वाजून सोळा मिनिटांनी मांडवात हजर. एका लग्नात नवरदेव बँडसमोर मित्रांच्या खांद्यावर नाचत होता, तर चाचा थेट मंडपाच्या माइकवर गेले आणि वराकडील मंडळींनी उशिराचं कारण सांगावं अशी विनंती केली. नवरदेवाचा मामा हात उगारून धावला. मला मध्ये पडावं लागलं. घरी येईपर्यंत चाचा धुमसत होते. त्यांना राग उशिराचा नव्हता. सतरा मिनिटं असं कागदावर छापून तसं न करणाऱ्यांचा होता. मी त्यांना म्हटलं, चाचा, लोकांना चालतं ते. ते म्हणाले, तेच तर, लोकांना चालतं.

त्यांच्याकडं एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, हातानं रकाने आखलेली. निघाली, पोचली, लागलेला वेळ, उशीर, उशिराचं कारण. ही गाड्यांची वही नव्हती, माणसांची होती. आसपासच्या गावातलं कुणीही लांबच्या मुलखात जाऊन आलं, की चाचा वही घेऊन त्याच्या दारात. आधी वेळ किती लागेल याचा आपला हिशेब मांडायचा आणि मग त्याला उलटतपासणीला बसवायचं. घराचं दार कधी ओढलंस, कशानं गेलास, विमानतळावर किती ताटकळलास, उतरल्यावर पेटी कधी मिळाली आणि त्या तिकडच्या दाराची कडी कधी वाजवलीस. दारापासून दारापर्यंत. अधलं-मधलं काही चालायचं नाही. माणसं त्यांना बघून गल्ली बदलायची.

एकदा नायगावचे त्यांचे साडू मक्केहून उमरा करून आले. खजूर वाटता वाटता कौतुकानं म्हणाले, जिद्दा काय, हैदराबादेतून सहा तास, मुंबईपेक्षा जवळ. झालं. चाचांनी खजूर ताटलीत परत ठेवला आणि वही काढली. साडूंच्या ओसरीपासून जिद्द्यातल्या खोलीपर्यंत एकतीस तास निघाले. साडू चिडून म्हणाले, मग मी खोटं बोललो का? चाचा म्हणाले, तुम्ही न्हाई, तुमच्याकडून बोलवून घेतलं. त्या दिवशी मी तिथं होतो आणि मला साडूंची दया आली होती. आज वाटतं, चाचा काय चुकीचं म्हणाले?

फोनवरची ती बाकदार रेघ त्यांना पहिल्यांदा मीच दाखवली. माझा धाकटा भाऊ सिंगापूरला जहाजं दुरुस्त करण्याच्या गोदीत वेल्डर म्हणून गेला होता. आईला समजावं म्हणून मी नकाशा दाखवत होतो, की बघ, हे सिंगापूर, हे हैदराबाद, आणि मध्ये नुसते साडेचार तास. चाचांनी चष्मा चढवला आणि ती रेघ बोटानं पुसून बघितली.

"ही रेघ हैदराबादेत का थांबली? तिथं का तुमची आई ऱ्हाते?" ते म्हणाले. "विमान शहराचं असतंय, सर. मानूस गावचा असतोय."

मला त्या वेळी त्यांचा वैतागच आला. आई मात्र त्यांच्याकडं बघून मान हलवत होती. तिचं त्यांच्यावाचून पान हलत नसे. ते तिला अक्का म्हणायचे, ती त्यांना भाऊ म्हणायची, आणि दुपारी दोघं अंगणात बसून तुरी निवडायची.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ध्यानात ठेवा. चाचांची सगळी निष्ठा लाल गाडीवर. काळीपिवळी जीप म्हटलं की त्यांच्या अंगाची आग व्हायची. ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणजे तिला निघायची वेळच नाही, आणि जिला वेळ नाही ती गाडी कसली? लाल गाड्यांत पुन्हा त्यांची लाडकी एक होती, बीदरवरून दुपारी बाराला सुटून उदगीरमार्गे जळकोटला येणारी. ती त्यांनीच अर्ज-विनंत्या करून सुरू करून घेतलेली. गुडघे गेल्यापासून त्यांचं स्टँडवर जाणं बंद झालं होतं, पण रोज साडेतीन वाजले की ते घड्याळाकडं बघून म्हणायचे, जळकोट लागली असंल. आणि जो कुणी जवळ असेल तो म्हणायचा, हाव चाचा, लागली.

ती गाडी बंद झाली होती. दिवाळीपासून. कुणी बंद केली, का केली, कुणाला विचारून केली, कशाचा पत्ता नाही. एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि लोक मुकाट जीपमध्ये बसायला लागले. मीही बसलो. चाचीनं आम्हाला सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, की ह्यांना कळू देऊ नका. मागं एक फेरी रद्द झाली तेव्हा चाचा डेपोत जाऊन दिवसभर उपाशी बसले होते आणि रक्तदाब वाढून दवाखान्यात गेले होते. म्हणून सगळी गल्ली रोज साडेतीनला त्यांच्याशी खोटं बोलायची. आम्हाला त्यात आपण फार दयाळू आहोत असं वाटायचं. त्या दयाळूपणाची आता मला शिसारी येते.

फेब्रुवारीत आईनं अंथरूण धरलं. एका सोमवारी दुपारी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा, एक-दोन दिवस आहेत. मी सिंगापूरला फोन लावला. भाऊ म्हणाला, साडेचार तास तर लागतात, रात्रीत निघतो, सकाळी आईजवळ असतो. मी आईच्या कानाशी जाऊन सांगितलं, की धाकटा सकाळी येतोय. तिचे डोळे एकदम लकाकले. चाचा पायऱ्या चढून दारात येऊन उभे होते. त्यांनी भिंतीला पाठ टेकली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि सरळ आत येऊन आईच्या खाटेजवळ बसले.

"अक्का, सकाळी न्हाई. उद्या दुपारी साडेतीन."

मला जो संताप आला तो मी लपवला नाही. त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. मरणाऱ्या बाईला तुम्ही वेळापत्रक सांगता, तुम्हाला काळीज आहे का, असं मी त्यांना गच्चीवर उभं करून विचारलं. ते म्हणाले, सकाळी सांगितलं तर ती सकाळपासून दाराकडं बघत बसंल, आणि सकाळी कुणी आलं न्हाई की तिचा धीर सुटंल. साडेतीन सांगितलं तर साडेतीनपर्यंत ऱ्हाईल. मी म्हटलं, तुमचं तत्त्वज्ञान तुमच्या वहीत ठेवा.

पण आई खरोखर झोपली. तिन्हीसांजेला दोन चमचे पेज घेतली. प्रत्येक आवाजाला दचकून दाराकडं बघणं तिनं सोडून दिलं. हे मला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणून मी आणखी चिडलो होतो. माणूस बरोबर ठरला की त्याचा राग जास्त येतो.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी औषधाच्या दुकानात सलाइनच्या बाटल्या आणायला गेलो होतो. फोन आईच्या उशाशी राहिला होता. परत आलो तर चाचा तिथंच बसलेले. भावाचा फोन येऊन गेला, म्हणाले. त्याचा सिंगापूरचा फोन इकडं चालत नव्हता, टॅक्सीवाल्याच्या फोनवरून त्यानं लावला होता. टॅक्सीवाला बीदरपर्यंतच यायला तयार होता, पुढं तिसऱ्या राज्यात शिरायचा परवाना त्याच्याकडं नव्हता. चाचा सांगायला लागले, की मी त्याला बरोबर सांगितलंय सर, बीदरवरून बाराची...

"चाचा, पुरे झालं तुमचं टाइमटेबल," मी म्हणालो, आणि बाटल्या घेऊन आत गेलो.

तेवढंच. माझ्या आयुष्यात मी वर्गातल्या पोरांना शेकडो वेळा सांगितलं असेल, की समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्या.

साडेतीन वाजता आईनं डोळे उघडले. श्वास आता थांबून थांबून येत होता. चाचा खुर्चीवर घड्याळ हातात घेऊन बसले होते. तिनं विचारलं, वाजले का भाऊ. ते म्हणाले, साडेतीन, अक्का. मग स्टँडच्या दिशेला कान देऊन बसले. पावणेचार झाले. मी त्यांना हळूच विचारलं, तो येतोय कशानं. ते म्हणाले, कशानं म्हंजे, बाराच्या बीदर-जळकोटनं. जीपच्या नादी लागू नको म्हणून बजावलंय त्याला.

आईसमोर काय बोलणार होतो? आईनं पुन्हा विचारलं, गाडी कुठं आली. चाचांनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. तिथं त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांचा आवाज बदलला.

"येईल, अक्का," ते म्हणाले. "पाच-दहा मिनिटं."

आई बरं म्हणाली. तिनं ते खरं मानलं, कारण सांगणारा तो होता. पाचला वीस कमी असताना ती गेली.

भाऊ आला पावणेसहाला, उदगीरवरून जीपच्या मागच्या फळीवर उभा राहून. बीदरला तो साडेअकराला पोचला होता. समोर उदगीरची जीप उभी होती, दोनच माणसं कमी होती, चल म्हणून ड्रायव्हर हाका मारत होता. ह्यानं ती सोडली. चाचांनी सांगितलंय म्हटल्यावर त्याला शंकाच आली नाही. लहानपणापासून त्या माणसानं सांगितलेली वेळ चुकल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. शेंगा विकणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, येईल, बस. तो दोन वाजेपर्यंत बसला. मग दुसरी जीप भरायला वेळ, उदगीरला तिसरी भरायला वेळ. तेहेतीसशे किलोमीटर साडेचार तासांत उडून आलेला माणूस शेवटच्या शंभर किलोमीटरला सव्वासहा तास घेतो, आणि याची कुणाला लाज वाटत नाही. विमानतळाच्या उद्‌घाटनाला हार घालून घेणारे पुष्कळ असतात. बंद झालेल्या गाडीचं सुतक एकट्या आमच्या घरानं पाळलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ परत निघायच्या तयारीत होता. चाचा जिना चढून आले. काखेत वही. इतक्या दिवसांत ते कुणाशी बोलले नव्हते. खाली बसले, चष्मा लावला आणि भावाला म्हणाले, सांग बाबा, खोलीचं दार कधी ओढलंस?

मी भडकलोच. म्हटलं, चाचा, काही लाज? आमची आई गेली आहे. ते म्हणाले, म्हणून तर लिहायचं. भावानं मला हातानं थांबवलं आणि सगळं सांगितलं, मिनिटासकट. चाचांनी एकेक रकाना भरला. लागलेला वेळ बावीस तास पंचेचाळीस मिनिटं. उशीर सव्वादोन तास. मग शेवटच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं, आणि वही आमच्याकडं फिरवली. कंट्रोलरनं बंद गाडीचा टाइम सांगितला.

मी म्हटलं, खोडा ते. ते म्हणाले, वहीत खाडाखोड चालत न्हाई. मी पुन्हा म्हटलं, खोडा, आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. गाडी बंद झाल्याचं मला ठाऊक होतं, असं मी सांगून टाकलं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

चाचांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"मंग रोज साडेतीनला तुमी..."

"हो."

त्यांनी ओरडावं, वही माझ्या अंगावर फेकावी, असं मला मनापासून वाटत होतं. आयुष्यभर लोकांच्या पाच-दहा मिनिटांवर चिडलेला माणूस, आणि आम्ही त्याला चार महिने फसवलं. पण ते चिडले नाहीत. त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवलं.

"कारनं दोन असली तर दोनी लिवायची असतात, सर. दुसरं तुमी लिवा."

मी लिहिलं, मास्तरनं वाक्य पूर्ण ऐकलं नाही. मी त्यांना विचारलं, आणि ज्यानं गाडी बंद केली त्याचं काय? त्याचं नाव कुठल्या रकान्यात? चाचांनी खाली एक ओळ मोकळी सोडली आणि म्हणाले, त्याला इथं आना, त्याच्या हातानं लिवू द्या. ती ओळ कोरीच राहिली.

चाचा त्यानंतर दोन वर्षं होते. रोज साडेतीनला खालून त्यांचा तो नाकातला आवाज यायचा. सर, जळकोट लागली का? मी शाळेतून आलेलो नसलो तर चाचीला विचारायचे. मी जिन्याच्या तोंडाशी येऊन सांगायचो, नाही चाचा, गाडी बंद आहे. ते घड्याळाकडं बघायचे आणि म्हणायचे, बरोबर सांगितलं.